परड्यात शेड घालताय? या चुका टाळा

कोल्हापुरात परड्यातली शेड ठरते ती एप्रिल-मेमध्ये, आणि घोटाळा तिथंच होतो. उन्हात उभा राहिलेला माणूस सावली शोधतो. शेडची खरी परीक्षा असते जुलैत, आठ-आठ दिवस झड लागल्यावर. आमची पहिली शेड मी अशीच आंब्याखालची गार जागा बघून ठरवली. ती परड्यातली सगळ्यात सखल जागा निघाली. पहिल्याच पावसाळ्यात युरियाचं अर्धं पोतं दगड झालं आणि खुरप्यांच्या मुठी बुरशीनं पांढऱ्या पडल्या.

म्हणून घाई नको. वळवाचा एक जोरदार पाऊस तरी पडू द्या, आणि छत्री घेऊन परड्यात उभं राहा. पाणी कुठनं येतं, कुठं तुंबतं ते दिसेल. जोतं जमिनीपासून किमान नऊ इंच उचला. झाडाखाली तर नकोच. पानांनी पन्हळ तुंबते, आणि वळवात फांदी मोडली की पत्र्यावरच येते. दार पश्चिमेला ठेवू नका, आपल्याकडं पावसाचा मारा तिकडूनच असतो.

काळी माती असेल तर पायाकडं डोळेझाक करू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. दार जूनमध्ये घासतं, डिसेंबरमध्ये नीट लागतं, म्हणून आपण बिजागरीला शिव्या घालतो. दोष बहुधा खाली असतो. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या आणि खांब काँक्रीटमध्ये पक्का बसवा. शेड हलकी असते म्हणून पाया नको, हा हिशेब उलटा आहे. हलकी असते म्हणूनच वारा ती उचलतो. एक बाजू उघडी ठेवलीत तर आणखीच, कारण वारा आत शिरून छत वर ढकलतो.

लाकडी शेड फोटोत छान दिसते, पण वाळवी आणि आपला पावसाळा बघता मी तरी त्या वाटेला जाणार नाही. पत्रा घेताना ‘जाड आहे ओ काका, काय होत न्हाई’ यावर जाऊ नका, आकडा विचारा. अर्धा मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साधारण चार किलो भरतो, ०.३५ चा पावणेतीनच्या आसपास. शंका आली तर सरळ वजन करा. पाइपच्या गेजमध्येही लोक फसतात: आकडा मोठा तितका पाइप पातळ. १६ गेज हा १८ पेक्षा जाड.

शेड आधीच उभी आहे आणि गळतेय? भर दुपारी आत जाऊन दार लावा. जिथनं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खूण करा. बहुतेक वेळा दोष स्क्रूचाच असतो. तो पत्र्याच्या खोलगट भागात मारलेला असतो, नाहीतर इतका आवळलेला असतो की खालचं रबरी वॉशर चिरतं. वरून डांबर फासू नका, पुढच्या उन्हाळ्यात ते तडकतं. वॉशरसकट स्क्रू बदला, भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड घाला. थंडीत, आभाळ कोरडं असताना सकाळी थेंब पडत असतील तर ती गळती नव्हे, आतल्या हवेतली ओल गार पत्र्याला धरते. छताखाली समोरासमोर जाळीच्या दोन फटी ठेवल्या की ते बरंच कमी होतं.

पंचगंगेच्या जवळ राहत असाल तर हे सगळं बाजूला. नदीचं पाणी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ च्याही वर गेलं होतं. नदीजवळच्या शेडमध्ये मोटर, कीटकनाशकं, खतं जमिनीवर ठेवूच नका, आणि पाणी वाढायला लागलं की आधी तीच हलवा.

दाराची रुंदी तीन फुटांखाली नको, आधी गवत कापायचं मशीन मोजा. आणि छताचा उतार आपल्याच हद्दीत सोडा. सामासिक जागेत, म्हणजे घराभोवती नियमानं मोकळी सोडायच्या पट्ट्यात, शेड येत असेल तर महापालिकेत आधी विचारून घ्या. आम्ही पन्हळ ‘नंतर बसवू’ म्हटलं, आणि पहिल्याच झडीत पत्र्याचं सगळं पाणी शेजारच्या काकूंच्या चुलवणात. दोन दिवस त्यांच्या घरी गार पाण्याच्या अंघोळी झाल्या. तिसऱ्या दिवशी पन्हळ बसली.