काचेवरच्या फिल्मची परीक्षा तिन्हीसांजेला घ्यावी

मोटारीच्या काचांसाठी फिल्म निवडताना बहुतेक जण भर दुपारी नमुने पाहतात, आणि त्या लख्ख उजेडात गडद फिल्मसुद्धा डोळ्यांना सुखावते. उन्हात प्रकाश गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यातला निम्मा अडला तरी बाहुली थोडी विस्फारते आणि फारसे काही बिघडत नाही. तिन्हीसांजेला मात्र ती आधीच विस्फारलेली असल्यामुळे ही घट भरून काढणे डोळ्याला जमत नाही.

फिल्मवरची टक्केवारी म्हणजे तिच्यातून आरपार जाणारा दृश्य प्रकाश. आकडा जितका लहान, तितकी फिल्म गडद. काचही थोडा प्रकाश अडवते, म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा. ७५ टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर ५० टक्क्यांची फिल्म चढवली, तर आत साधारण ३८ टक्केच प्रकाश पोहोचतो. गॉगल घातला की तो आणखी घटतो, आणि उन्हातून एकदम बोगद्यात शिरताना हे फार जाणवते.

नमुन्याचा तुकडा मिळवून तो संधिप्रकाशात चालकाशेजारच्या काचेला आतून लावावा आणि आसनावर बसून त्यातून बाजूचा आरसा पाहावा. दिव्यांवरून निष्कर्ष काढू नये, कारण दिवे गडद काचेतूनही ठळक दिसतात आणि सगळेच दिसत असल्याचा भास होतो. गडद कपड्यांतला पादचारी, दिवा नसलेली सायकल, रस्त्याची कड ओळखू येते का, हे पाहावे. पार्श्वभूमीशी मिसळणाऱ्या अशाच गोष्टी सर्वांत आधी हरवतात. मागच्या काचेची परीक्षा रात्री गाडी मागे घेऊन करावी.

सूर्य क्षितिजाजवळ असताना बाजूच्या काचेवरची फिल्म तिरीप सौम्य करते, हा तिचा खरा फायदा आहे. पण ती जुनी, ओरखडलेली किंवा बुडबुडे आलेली असेल, तर तोच प्रकाश तिच्यावर विखुरतो आणि काच धुरकट दिसते. अशी फिल्म काढूनच टाकावी. खासगीपणासाठी गडद फिल्म लावणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की आडोसा फक्त बाहेर आतल्यापेक्षा जास्त उजेड असेपर्यंतच टिकतो; रात्री आतला दिवा लावताच आतले बाहेरून दिसते.

समोरच्या काचेवर गडद फिल्म लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्रास उन्हाच्या झळांचा असेल, तर अवरक्त किरणे अडवणारी, जवळजवळ पारदर्शक सिरॅमिक फिल्म मिळते. मात्र किमान किती प्रकाश आत यायला हवा याचे नियम देशागणिक आणि काचेगणिक वेगळे असल्याने, कोणतीही फिल्म चिकटवण्यापूर्वी आपल्याकडचा नियम पाहून घ्यावा.