१ ते १०० मधली संख्या ४ किंवा ६ ने विभाज्य असण्याची संभाव्यता कशी काढावी

गणित असं: १ ते १०० अंक लिहिलेली कार्डं नीट पिसून त्यांतलं एक न पाहता काढलं. त्यावरची संख्या ४ किंवा ६ ने विभाज्य असण्याची संभाव्यता किती?

आधी नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेले सगळे निकाल, मोजा. कार्डं १०० आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी, म्हणून छेदात १००.

आता अनुकूल संख्या. त्यासाठी यादी करत बसू नका, भागाकार करा आणि बाकी सोडून द्या. १०० ÷ ४ = २५, म्हणजे ४ च्या पटी २५. १०० ला ६ ने भागल्यावर भाग १६ जातो, बाकी ४ उरते. म्हणून ६ च्या पटी १६. कॅल्क्युलेटरवर १६.६६ दिसलं की काही जण १७ धरतात. पण सतरावी पट १०२, ती कार्डांमध्ये नाहीच.

२५ आणि १६ मिळून ४१ होतात, पण १२, २४, ३६ अशा संख्या दोन्हीकडे मोजल्या गेल्या. त्या एकदा वजा करायच्या. इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात, कारण ४ × ६ = २४ म्हणून २४ च्या पटी वजा केल्या जातात. त्या फक्त ४, त्यामुळे उत्तर चुकून ३७/१०० येतं. १२ ला ४ नेही भाग जातो, ६ नेही. मग २४ पर्यंत थांबायचं कशाला? लसावि घ्या: १२. त्याच्या पटी ८. (दोन्ही संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, जसं ४ आणि ५, तरच गुणाकार आणि लसावि एकच येतात.)

२५ + १६ − ८ = ३३. संभाव्यता ३३/१००.

पडताळा सोपा आहे. १ ते १२ मध्ये ४, ६, ८, १२ अशा चार संख्या बसतात आणि दर बारा संख्यांनंतर हाच क्रम पुन्हा येतो. ९६ पर्यंत असे ८ गट, म्हणजे ३२. उरलेल्या ९७ ते १०० मध्ये फक्त १००. एकूण ३३.

प्रश्नातले शब्द मात्र नीट वाचा. ‘किंवा’मध्ये दोन्हींनी विभाज्य संख्याही येतात. ‘४ आणि ६ ने’ म्हटलं तर उत्तर ८/१००, म्हणजे २/२५. ‘दोन्हींपैकी एकानेही नाही’ असेल तर १ − ३३/१०० = ६७/१००. ‘नेमक्या एकानेच’ असेल तर ३३ मधून ते ८ काढा: २५/१००, म्हणजे १/४.

सुरुवात १ पासून नसेल तर दोनदा मोजून वजाबाकी करावी लागते. दोन अंकी संख्या घ्या, १० ते ९९. एकूण ९९ − ९ = ९०; ९९ मधून १० वजा करून ८९ लिहिलं की छेदच चुकतो. ४ च्या पटी: ९९ पर्यंत २४, त्यांतल्या ९ पर्यंतच्या २ गेल्या, उरल्या २२. ६ च्या १६ − १ = १५. १२ च्या ८. उत्तर २९/९०.

कार्डं ० पासून असतील तर ० ला ४ आणि ६ दोन्हींनी भाग जातो हे विसरू नका: ० ते १०० साठी ३४/१०१.