एचटी-२ चं शेपूट जड झालं तेव्हा

डॉ. वि. म. घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ साली बंगळूरला पहिल्यांदा उडालं. हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर घडले. त्याचं विजेवर चालणारं रेडिओ कंट्रोल मॉडेल करायचं माझ्या फार दिवस मनात होतं. बाल्सा लाकडाचं, १:८ प्रमाणात, पंखांचा विस्तार १३४ सेंटिमीटर, वजन साधारण १२५० ग्रॅम.

पहिल्याच उड्डाणात नाकानं आभाळ धरलं. एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटाची झडप, पूर्ण खाली दाबला तरी ऐकेना. वेग मरला आणि विमान गवतात आलं. नशिबानं फक्त प्रोपेलर तुटला.

घरी तोल पाहिला. पंख धडाच्या खालच्या बाजूला असलेलं विमान उलटं धरूनच बोटांवर तोलावं, सरळ धरलं की फसगत होते. गुरुत्वमध्य हवा होता त्याच्या १८ मिलिमीटर मागे, म्हणजे शेपूट जड! नाकात ९० ग्रॅम शिसं भरलं असतं तर काम भागलं असतं, पण उगाच वजन वाढवणं मला पटत नाही. शेपटातले ९-९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) काढून अर्धा मीटर पुढे, कॉकपिटखाली बसवले आणि कार्बनच्या दांड्या मागे नेल्या. मग मोटरमागच्या प्लायला चौकोनी खिडकी कापून १९० ग्रॅमची बॅटरी ७० मिलिमीटर पुढे सरकवली.

पुन्हा बोटांवर धरलं. नाक किंचित झुकलं आणि तिथेच थांबलं.

रविवारी सकाळी ते सात मिनिटं उडालं, ट्रिमला, म्हणजे झडपांच्या बारीक जुळवणीला, जवळजवळ हात न लावता.