जुन्या जीपचा हँडब्रेक खोलण्याआधीची तयारी

ही तयारी विलीज सीजे-३बी आणि तिच्या महिंद्र भावंडांसाठी आहे. या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांत शोधू नका, तिथे नाही. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागच्या तोंडाशी, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) जिथून सुरू होतो तिथे एक छोटा ड्रम आहे. डॅशबोर्डवरचा हँडल ओढला की ड्रमच्या आतले दोन शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, फाकतात आणि शाफ्टच धरला जातो.

या एका गोष्टीवर बाकी सगळी तयारी ठरते, म्हणून पहिली सामग्री लाकडी ठोकळ्यांची. सपाट, टणक जागा बघा आणि चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. हा ब्रेक खोलायला प्रॉपेलर शाफ्ट सोडावा लागतो. तो सुटला की हँडब्रेक तर जातोच, शिवाय गिअरमध्ये टाकलेली गाडीही मागच्या चाकांवर धरून राहत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांना जोडणारा दुवाच निघालेला असतो. एक मागचं चाक जॅकवर उचलून हँडब्रेकच्या भरवशावर खाली शिरणं त्याहून घातक. शाफ्ट जाम असला तरी डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक एका दिशेला आणि जमिनीवरचं दुसऱ्या दिशेला फिरू शकतं, आणि गाडी जॅकवरून उतरते. मागची बाजू उचलायचीच असेल तर दोन्ही चाकं एकदम, अ‍ॅक्सलखाली दोन स्टँड आणि पुढच्या चाकांना ठोकळे.

सुटे भाग आणताना नुसते शू आणलेत तर काम महिनाभरात पुन्हा करावं लागेल. या ब्रेकचे लायनर, म्हणजे शूवरचे घर्षणाचे थर, झिजून क्वचितच जातात, जातात ते तेलाने. ड्रमच्या अगदी आतल्या बाजूला, केसच्या तोंडावर, ट्रान्सफर केसचं ऑइल सील आहे. ते गळलं की गिअर ऑइल थेट शूवर येतं. त्यामुळे मागच्या आउटपुटचं सील, फ्लँजच्या (ड्रम आणि शाफ्ट ज्यावर बसतात ती चकती) नटाची नवी स्प्लिट पिन, शूच्या परतीच्या स्प्रिंगा आणि जुन्याशी मापून घेतलेली केबल हे सगळं आधी हाताशी हवं. केबल मापताना आतली तार आणि बाहेरचं आवरण, दोन्हीची लांबी वेगवेगळी लिहून ठेवा. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन वाळवला की कोरडा दिसतो, पण ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. तो बदलायचाच. जुने शू दुकानात देऊन नवे लायनर मारून घेता येतात. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या पुरेशी खाली बसली आहेत ना, हे बोट फिरवून बघितल्याशिवाय शू ताब्यात घेऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमवर हवा मारू नका. मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

सील बदलूनही गळती राहते तेव्हा दोष बहुधा फ्लँजचा असतो. सीलची ओठी जिथे घासते त्या दांड्यावर नख फिरवा. नख अडकेल अशी खाच असेल तर नवं सीलही तेल धरणार नाही. फ्लँज बदला किंवा लेथवाल्याकडून त्यावर बारीक स्लीव्ह चढवून घ्या. तेलाची दुसरी वाट स्प्लाइनच्या, म्हणजे फ्लँज ज्या खाचांवर बसते त्यांच्या, दातांमधून असते, म्हणून नटाच्या वॉशरखाली लावायला सीलंटची ट्यूब ठेवा. तिसरं कारण फुकटात सुटतं. ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारं भोक) चोंदला की आतला दाब तेल सीलमधून ढकलतो, तो तारेने मोकळा करा. तेल फिलर प्लगच्या खालच्या कडेपर्यंतच हवं. ट्रान्सफर केसला साधारण दीड लिटर ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. जास्त भरलेलं तेल शेवटी ब्रेकवरच येतं.

हत्यारांत इंची पाने लागतील. मिलिमीटरचे पाने नटांची डोकी गोल करतात. फ्लँजचा मधला नट घट्ट असतो, त्यासाठी लांब दांडा आणि टॉर्क रेंच हवा. ड्रम-फ्लँज निघत नसेल तर पुलर लावा, हातोडा नको, कारण तो मार आतल्या बेअरिंगला बसतो. शाफ्ट सोडण्याआधी फ्लँज आणि शाफ्ट दोन्हीवर पंचने खूण करा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) वाट्या सुट्या होत असतील तर त्यांना लगेच चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सुईसारखे रोलर मातीत सांडतात. बॅकप्लेट (शू ज्यावर बसतात तो पत्रा) काढताना मागची बेअरिंग कॅप हलवावी लागली तर तिच्याखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, जपून ठेवा. शाफ्टची मागेपुढे ढिलाई त्यांच्यावर ठरते, ती ०.१० ते ०.२० मिमी असावी.

जोडणीच्या दिवसासाठी खडू, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि एक मदतनीस. ड्रमच्या आत खडू फासून एकदा फिरवला की लायनर कुठे टेकतो ते दिसतं. अ‍ॅडजस्टमेंट करताना हँडल पूर्ण आत असलाच पाहिजे आणि केबल ताणलेली नको. ड्रमवरच्या भोकातून प्रत्येक दातेरी चाक शू घट्ट होईपर्यंत फिरवा, मग सात दाते मागे घ्या. हे सात दाते टाळू नका. मागचा अ‍ॅक्सल ५.३८:१ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीत हा ड्रम पाच फेऱ्यांहून जास्त घेतो. याच गुणोत्तरामुळे एवढासा ब्रेक चढावर अख्खी गाडी पेलतो, आणि याच गुणोत्तरामुळे शू किंचित घासत राहिला तरी ड्रम भाजतो आणि नवं सीलही कडक होऊन जातं.

दोन-तीन किलोमीटर हँडल न लावता चालवा, थांबून हात ड्रमच्या जवळ न्या, पण टेकवू नका. धग लागली तर प्रत्येक दातेरी चाक आणखी एक दाता मागे. चढावर हँडल ओढल्यावर गाडी चार बोटं सरकून थांबली तर ती क्रॉस आणि डिफरन्शियलमधली ढिलाई आहे, ब्रेकचा दोष नाही. वीतभर सरकली तर क्रॉस तपासा. आणि चालत्या गाडीत हा हँडल ओढू नका. सगळा झटका क्रॉसवर, शाफ्टवर आणि अ‍ॅक्सलच्या दातांवर येतो.