गाऊटची तयारी करताय? मग ताटाच्या आधी ग्लास बघा

गाऊट म्हणजे रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज आणि दुखणं. रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आलं की बरेच जण त्याच दिवसापासून डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद करून टाकतात आणि संध्याकाळचं कोल्ड्रिंक मात्र तसंच चालू ठेवतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण माणूस कष्ट घेत असतो, मन मारत असतो, पण चुकीच्या जागी. म्हणून ही तयारीची यादी ताटापासून सुरू होत नाही.

सगळ्यात आधी कागद एकत्र करा. जुने रिपोर्ट काढा आणि युरिक अ‍ॅसिडचा आकडा तारखेसकट एका जागी लिहून ठेवा. रक्तात दर डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरिक अ‍ॅसिड गेलं की त्याचे सुईसारखे स्फटिक व्हायला वाव मिळतो, गाऊटसाठी औषध चालू असलेल्यांचा आकडा ६ च्या खाली ठेवायचा असतो. मात्र पायाचा अंगठा सुजलेला असताना रक्त तपासायला दिलं असेल तर त्या आकड्यावर जाऊ नका, गाऊटचा (म्हणजे अचानक उसळणाऱ्या दुखण्याचा) अ‍ॅटॅक चालू असताना तो नॉर्मलही येऊ शकतो, दुखणं थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत तपासायला लागतं. सोबत क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट ठेवा, कारण सुमारे दोन तृतीयांश युरिक अ‍ॅसिड किडनीवाटे बाहेर जातं आणि किडनी कशी चाललीय यावर पुढचं बरंच ठरतं. रोजच्या गोळ्यांची यादी पण हवी. बीपीसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि कमी डोसची अ‍ॅस्पिरिन यांनी युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं, पण म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना यादी दाखवून विचारायचं.

आता फ्रिज उघडा आणि बाटल्या बाहेर काढा. साखरेचा सोडा, एनर्जी ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, फ्लेवरवाली आइस टी, सगळं. बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, घटक जास्तीपासून कमीकडे लिहिलेले असतात, त्यात पाण्यानंतर लगेच साखर किंवा फ्रुक्टोज कॉर्न सिरप आलं असेल तर ती बाटली परत आणू नका. यामागचं कारण नीट कळलं की सोडणं सोपं जातं. फ्रुक्टोज लिव्हरमध्ये गेलं की तिथल्या पेशी त्याच्यावर प्रक्रिया करताना आपली साठवलेली ऊर्जा भराभर खर्च करतात आणि त्या खर्चातून जे उरतं त्याचंच पुढे युरिक अ‍ॅसिड बनतं, म्हणजे त्या बाटलीत प्युरिन (खाण्यातला जो घटक शरीरात मोडून युरिक अ‍ॅसिड बनतो) नावालाही नसलं तरी आकडा चढतो. आणि हो, शंभर टक्के फळांचा रस लिहिलेली बाटली पण यातच येते. अख्खं फळ खायला काही हरकत नाही, त्यात साखर कमी जाते आणि चोथा पण मिळतो. चेरीबद्दल बरं बोललं जातं, आवडत असेल तर खा, पण तिला औषध समजू नका.

दारूचं स्पष्टच बोलतो. बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात अल्कोहोल तर असतंच, वर तिचं स्वतःचं प्युरिन असतं, त्यामुळे बिनअल्कोहोलची बिअर हा पण काही सुरक्षित मार्ग नाही. व्हिस्की, रम वगैरे पण आकडा वाढवतात. वाइनने काही होत नाही असं कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर राहू नका, ज्याला आधी अ‍ॅटॅक येऊन गेलाय त्याला वाइननेही येऊ शकतो. अ‍ॅटॅक अजून ताजा असेल तर सगळंच बंद.

बाटल्या गेल्या की त्या जागी पाणी ठेवा, लघवी फिकट दिसेल इतकं दिवसभरात पोटात जायला हवं. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. कॉफी पीत असाल तर चालू राहू द्या, मुद्दाम सुरू करायची गरज नाही.

ताटाचं काम त्यामानाने थोडं आहे. लिव्हर, किडनी, भेजा असले अवयव बंद. सार्डिन, अँकोव्ही, हेरिंगसारखे मासे आणि शिंपल्या कमी करा, लाल मांस कधीतरी आणि थोडंसंच घ्या. इथे एका गोष्टीकडे फार जणांचं लक्ष जात नाही. प्युरिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे मांस तासभर उकळलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, आणि नेमकं तेच पाणी ताकदीचं सूप म्हणून आजारी माणसाला पाजलं जातं. घरात कोणाला गाऊट असेल तर ते सूप त्याच्यापुढे ठेवू नका, फोडी थोड्या खाल्ल्या तर एकवेळ चालेल. डाळी, कडधान्यं, पालक, मशरूम, मटार, फ्लॉवर यांच्यात प्युरिन असतं हे खरं, पण त्यांच्यामुळे गाऊट वाढल्याचं दिसत नाही, त्यामुळे कृपा करून त्या भाज्या परत आणा. कमी फॅटचं दूध, दही चांगलंच, अंडीही चालतात.

वजन जास्त असेल तर कमी करा पण हळूहळू. कडक उपवास आणि क्रॅश डाएटमध्ये शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि ते किडनीतून युरिक अ‍ॅसिड बाहेर जाण्याच्या आड येतात. वजन कमी होत असताना नेमका अ‍ॅटॅक येतो तो बऱ्याचदा यामुळे.

प्रवास किंवा पार्टी ठरलेली असेल तेव्हा जास्त जपा, कारण कमी पाणी, भारी जेवण आणि दारू हे तिन्ही एकाच रात्री जमून येतं. पाण्याची बाटली हातात ठेवा, निघण्याआधी नीट जेवा, आणि अ‍ॅटॅकची गोळी घरी न ठेवता बॅगेत टाका.

ती गोळी आधी डॉक्टरांकडून लिहून आणलेली असायला हवी. अ‍ॅटॅक बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो, अंगठा लाल आणि गरम होतो, अंगावरची चादर लागली तरी सहन होत नाही, आणि अशा वेळी दवाखाना शोधत बसणं अवघड असतं. गोळी जितकी लवकर घेतली तितकी ती जास्त लागू पडते. डोस पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण अशा वेळी बऱ्याचदा दिलं जाणारं कोल्चिसिन हे औषध जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं आणि काही अँटिबायोटिकसोबत ते चालत नाही. किडनी कमजोर असेल तर पेनकिलरही विचारूनच. फ्रीजरमध्ये बर्फाची पिशवी आणि पाय उंच ठेवायला एक उशी असू द्या. सांध्यासोबत ताप, थंडी वाजत असेल तर गाऊटच असेल असं धरून घरी थांबू नका, सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, लगेच दाखवा.

आणि एक गोष्ट मनाची तयारी म्हणून आधीच माहीत असू द्या, आहाराने आकडा साधारण एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. कोणाचा ९ असेल तर कितीही काटेकोर खाल्लं तरी तो ६ च्या खाली येणं कठीण, कारण बहुतेक युरिक अ‍ॅसिड शरीर स्वतःच बनवतं आणि ते किती बाहेर टाकायचं यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. अशा माणसाला घरच्यांनी खाण्यावरून बोलू नये. वर्षात दोन किंवा जास्त अ‍ॅटॅक येत असतील, सांध्याजवळ गाठी दिसत असतील तर अ‍ॅलोप्युरिनॉलसारख्या, युरिक अ‍ॅसिड कमी करणाऱ्या रोजच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. ते सुरू केल्यावर पहिले काही महिने अ‍ॅटॅक उलट वाढू शकतात, म्हणून त्यासाठी सोबत दुसरी गोळी देतात, आणि मध्येच अ‍ॅटॅक आला म्हणून रोजची गोळी सोडायची नसते. पुढच्या रक्ततपासणीची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि तोपर्यंत काय खाल्लं त्यापेक्षा काय प्यायलं ते जास्त नीट लिहून ठेवा, डॉक्टरांना तेच आधी दाखवा.