धबधब्याचा ‘सोपा’ ट्रेक: या चुका टाळा

साताऱ्याकडे पावसाळ्यात धबधब्याला निघालेली मंडळी जायचा हिशेब नीट करतात, परतीचा मात्र कुणीच करत नाही. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून सहज ओलांडलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत चढतो आणि सगळा ग्रुप पलीकडे अडकतो.

सगळे धबधबे सारखेच समजणे

ठोसेघर साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटर. तिथे प्रेक्षक गॅलरी आहे, तेव्हा लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर सरळ तिकडेच जा. कासजवळच्या भांबवलीचा वजराई किंवा केळवलीचा धबधबा गाठायला चिखल तुडवत चालावं लागतं. चांदोली राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात पर्यटकांना बंदच असतं. जोराच्या पावसात जिल्हाधिकारी काही धबधब्यांवर बंदी घालतात. आदल्या दिवशी बातमी बघा आणि गावातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा.

उशिरा निघणे

ओल्या पायवाटेवर ताशी दोन किलोमीटर धरा, जास्त नाही. एका बाजूची चाल 3 किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन 3 तास, वर थांबायला तासभर. सकाळी 9 ला चालायला लागा आणि दुपारी 1 वाजता, धबधबा दिसो वा न दिसो, मागे फिरा. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो खरा, पण धुकं उतरलं की झाडीत सहालाच अंधारतं.

फक्त डोक्यावरचं आभाळ बघणे

तुमच्याकडे ऊन असतं आणि वर पठारावर मात्र कोसळत असतो. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, कातळात पाणी फारसं मुरत नाही, ते थेट ओढ्यात उतरतं. म्हणून ओढा ओलांडला की काठावरच्या एखाद्या दगडाला पाणी कुठवर टेकलंय ते बघून ठेवा, फोटोच काढा. अर्ध्या तासात ती रेघ बुडाली तर पुढे जाऊ नका. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज घुमायला लागला, तर सामान उचलत बसू नका. ओढ्याच्या कडेने खाली पळण्यापेक्षा बाजूच्या चढावर जा.

परतताना पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असलेलं असेल तर उतरायचं नाही. दोर किंवा हातात हात घालून साखळी करण्याची हौस इथे अंगाशी येते, कारण एकाचा पाय सुटला की शेजारचाही ओढला जातो. छोटे ओढे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत बरेच उतरतात. उंचावर बसून वाट बघा. तरीही सुटका दिसत नसेल तर 112 लावा, आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल लागू शकतो.

आणि धारेखाली उभं राहून रील काढणं? पाण्याबरोबर वरून दगड येतात. कुंडाचा तळही दिसत नाही.

जीन्स, छत्री आणि गुळगुळीत तळाचे बूट

भिजलेली जीन्स जड होते आणि मांड्या सोलवटतात. सडा आला की वारा छत्री उलटी करतो. पटकन सुकणारी ट्रॅक पँट, रेनकोट आणि खोल खाचांचे बूट घ्या. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणताच बूट भरवशाचा नाही, तिथे बसून सरका. मोबाइल दोन पिशव्यांत गुंडाळा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. माणशी दीड लिटर पाणी. पावसात तहान जाणवत नाही आणि मग पायात गोळे येतात. खायला चपाती-चटणी आणि गूळ-शेंगदाणे पुरे. भडंग न्यायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर पहिल्याच सरीत सादळतं.

जळू ओरबाडून काढणे

कोयनेच्या बाजूला जळवा हमखास लागतात. पँट मोज्यात खोचा आणि थांबाल तिथे पाय तपासा. चिकटलीच तर हिसडा देऊ नका. तिच्या बारीक टोकाशी, म्हणजे तोंडाशी, कातडीला लागून नख आडवं सरकवा. ते सुटलं की दुसरं टोक तसंच सोडवा. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून धार लागलेली बघून घाबरू नका. जखम धुऊन स्वच्छ कापडाने 10 मिनिटं दाबून धरा आणि वर पट्टी लावा. खाज पुढे काही दिवस राहते.