झांबियाचे आठ शेजारी: नकाशा हाताने कसा काढावा

आफ्रिकेतल्या झांबियाचे आठ शेजारी देश घोकून पाठ होतात खरे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांतला एखादा हटकून निसटतो, आणि तो बहुधा बोत्स्वानाच असतो. म्हणून गिरगावातल्या आमच्या अभ्यासिकेत नव्याने येणाऱ्यांना मी आधी नावे लिहू देत नाही. कोरा कागद आणि निळी पेन्सिल एवढेच पुढे ठेवतो.

प्रथम झांबेझी नदी काढावी. ती देशाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते, अंगोलातून वाहून पुन्हा झांबियात येते, दक्षिणेकडे उतरते आणि मग पूर्वेकडे वळून स्वतःच सीमारेषा होते. या वळणानंतर दक्षिण काठावर नामिबिया, बोत्स्वाना आणि झिम्बाब्वे या क्रमाने लिहावेत. पुढे लुआंग्वा नदी जिथे मिळते, तिथून झांबेझी मोझांबिकमध्ये शिरते. नामिबियाची लांबट, चिंचोळी पट्टी नदीपर्यंत अवश्य आणावी. झांबेझीपर्यंत वाट हवी म्हणून जर्मनीने ती १८९० च्या करारात ब्रिटनकडून मिळवली होती, पण पुढे व्हिक्टोरिया धबधबा आडवा असल्याने जहाजांना त्या वाटेचा उपयोग झाला नाही.

झांबेझीकाठच्या काझुंगुला येथे, जिथे झांबिया, नामिबिया, बोत्स्वाना आणि झिम्बाब्वे जवळजवळ एकत्र येतात, पेन्सिलीला टोक काढून घ्यावे. झांबिया आणि बोत्स्वाना यांची सीमा जेमतेम दीडशे मीटरची आहे. आपली बारा डब्यांची लोकल तिच्यावर उभी केली, तर मागचे काही डबे शेजारच्या देशात राहतील. येथे २०२१ मध्ये खुला झालेला ९२३ मीटरचा पूल झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी मुद्दाम वळवून बांधला आहे. त्यामुळे चारही देश एकाच बिंदूत जोडू नयेत. नामिबिया आणि झिम्बाब्वे यांच्यामध्ये टाचणीच्या टोकाएवढी फट सोडावी, म्हणजे बोत्स्वाना पुन्हा विसरला जात नाही.

आता उत्तरेकडून काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची पाचर आत ठोकावी. झांबियाला फुलपाखराचा आकार येतो तो हिच्यामुळेच, आणि तांब्याच्या खाणींच्या तांबेपट्ट्यातून झांबियाच्याच लुआपुला प्रांतात जाण्याची जवळची वाट काँगोच्या हद्दीतून जाते तीही हिच्यामुळेच. पाचर उथळ काढली की सगळा नकाशा बटाट्यासारखा दिसू लागतो.

पश्चिमेला अंगोलाची सीमा बरीचशी पट्टीने आखता येते, कारण १९०५ मध्ये इटलीच्या राजाने लवाद म्हणून दिलेल्या निवाड्यात ती अक्षांश-रेखांशांवरून ठरली.

पूर्वेला घाई नडते. मलावीचे सरोवर ठळक दिसते म्हणून अनेक जण सीमा थेट त्याच्या काठावर नेतात. प्रत्यक्षात ती पश्चिमेकडच्या जलविभाजकावरून, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या उंचवट्यावरून जाते, म्हणून सरोवर आणि सीमा यांच्यामध्ये मलावीला जागा ठेवावी. उरलेला टांझानिया ईशान्येला, टांगानिका आणि मलावी या दोन सरोवरांच्या मधोमध बसतो. टांगानिकाचे दक्षिण टोक झांबियाला लागते, पण त्याच सरोवराच्या उत्तर भागातला बुरुंडी शेजारी नाही; कोणी नववे नाव लिहिले असेल, तर ते बहुधा हेच असते आणि ते खोडावे.